काकाजी, वीस-पन्नास नको: नागपूरच्या उन्हात गाडीचं इंजिन ऑइल कसं निवडायचं

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंशांचा आकडा दाखवला. दिवसभर टीव्हीवर तीच बातमी. पुढे हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण तोवर माझा फोन तापला होता. पहिला फोन आमच्याच गल्लीतल्या काकाजींचा. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, चार वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, आणि पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन समृद्धी महामार्गानं शिर्डीला निघायचं ठरलेलं.

"अरे, एवढं ऊन तापून राहिलं. तुझं ते पाण्यासारखं पातळ ऑइल टिकते का त्यात? वीस-पन्नास टाकून दे."

वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड इंजिन ऑइल. काकाजींना मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मानेवाडा रोडवर माझं गॅरेज आहे, आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून निघालो त्याला सत्तावीस वर्षं झाली. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि विचारणारा चुकीच्या माहितीवर का होईना, पण गाडीच्या काळजीनंच विचारत असतो. म्हणून त्याला धड उत्तर मिळायला हवं.

आधी पुस्तक काढा

गाडीच्या डॅशबोर्डातल्या खणात कंपनीचं पुस्तक असतं. बहुतेकांचं अजून प्लास्टिकच्या पाकिटातच आहे. त्यात शेवटच्या पानांकडे 'स्पेसिफिकेशन' नावाचा भाग असतो, किंवा देखभालीच्या प्रकरणात 'इंजिन ऑइल' असा मथळा सापडतो. तिथे तीन गोष्टी बघायच्या: ग्रेड (ऑइल किती जाड ते सांगणारे आकडे), दर्जा (एपीआय, एसीईए अशी अक्षरं, त्यांचं पुढे येईल) आणि लिटरमध्ये क्षमता. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा त्याची प्रत मिळते. काही गाड्यांच्या ऑइल भरायच्या झाकणावरच ग्रेड कोरलेली असते, तेही बघून घ्या. एक खबरदारी: पुस्तक तुमच्याच इंजिनाचं आणि तुमच्याच सालचं हवं. एकाच नावाची गाडी पेट्रोल, डिझेल आणि टर्बो अशा तीन इंजिनांत येते आणि तिन्हींचं ऑइल वेगळं असू शकतं.

काही पुस्तकांत एकच ग्रेड दिलेली असते. काहींत तापमानाचा तक्ता असतो: खाली उणे तीसपासून अधिक चाळीसपर्यंत अंश, आणि वर आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक ग्रेड. ज्याच्या पुस्तकात असा तक्ता आहे त्याला निवडीला जागा आहे. ज्याच्या पुस्तकात एकच ग्रेड आहे त्याचं काम तिथेच संपलं, त्यानं तीच आणावी. पुढचं सगळं वाचा, पण पुस्तकाच्या बाहेर जायला कारण म्हणून वाचू नका.

डब्यावरचे आकडे

समजा डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलं आहे. आमच्यात त्याला 'पाच-तीस' म्हणतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचं. एसएई या अमेरिकी संस्थेनं १९११ साली ऑइलची जाडीवरून वर्गवारी सुरू केली, आज तिचंच सुधारलेलं मानक जगभर चालतं.

दुसरा आकडा आधी समजून घेऊ, कारण सगळा गोंधळ त्याच्याभोवती आहे. ऑइल बरोबर १०० अंशांना तापवतात आणि ते किती सरसर वाहतं ते मोजतात. मोजमाप सेंटिस्टोकमध्ये, आकडा जितका मोठा तितकं ऑइल जाड. खोलीतल्या तापमानाचं पाणी साधारण १ सेंटिस्टोक असतं. त्या १०० अंशांवर २० ची ग्रेड ६.९ ते ९.३ मध्ये बसते, ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे वीस-पन्नास हे तापल्यावर शून्य-वीसच्या साधारण दुप्पट जाड राहतं.

पहिल्या आकड्याची परीक्षा बर्फातली. कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरतं का आणि पंप ऑइल ओढू शकतो का हे बघतात. इंजिन फिरायची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ वर.

इथे नागपूरचा माणूस लगेच म्हणतो, "मग आपल्याला त्या पहिल्या आकड्याचं काय करायचं? इथे कुठे बर्फ पडते?" आपल्याकडची नोंदलेली सगळ्यात कडक थंडी २९ डिसेंबर २०१८ ची, ३.५ अंश. त्या दिवशीसुद्धा वीस-पन्नासवाली गाडी सुरू झालीच असती. युक्तिवाद बरोबर वाटतो. मलाही कित्येक वर्षं वाटला, आणि त्यातूनच माझ्या हातून एक चूक झाली.

२०१८ च्या मे महिन्यात मनीषनगरच्या एका ताईंची गाडी सर्व्हिसला आली. व्हीव्हीटीचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ स्वतः बदलणारं पेट्रोल इंजिन, पुस्तकात पाच-तीस. उन्हाचा विचार करून मी वीस-पन्नास टाकलं आणि त्यांना सांगितलंही की आता उन्हाळ्यात काळजी नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "दादा, सकाळी गाडी सुरू केली की पाच-सात सेकंद खडखडते, अन् तो इंजिनाचा पिवळा दिवाही लागून राहिला." गाडी बघितली. टॅपेटचा आवाज होता आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाडाचा कोड निघाला व्हॉल्व्ह टायमिंगचा. व्हीव्हीटीमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, पुढे-मागे सरकवायचं काम ऑइलच्या दाबावर चालतं. बारीक छिद्रं, बारीक जाळी, आणि त्यातून वेळेत ऑइल गेलं नाही तर कॅमशाफ्ट जागेवर पोचत नाही, कॉम्प्युटर लगेच दिवा लावतो. सकाळच्या चार-पाच अंशांत ते ऑइल मधासारखं झालं होतं. ताई पेट्रोलचा हिशेब वहीत लिहायच्या. त्यांनी दाखवलं की मेनंतर ॲव्हरेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरनं पडलं होतं. मी माझ्या खर्चानं ऑइल आणि फिल्टर बदलून पाच-तीस टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन गाडी सुरू करून पाहिली. आवाज नाही, दिवा नाही. इंजिन वाचलं होतं, पण ती सात महिन्यांची झीज मी त्या गाडीला दिली होती. ते अजून मनातून जात नाही.

'थंड' म्हणजे किती थंड

हा मुद्दा नीट बसला की बाकीचं आपोआप बसतं, म्हणून इथे थोडा थांबतो.

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते, मग आपण ती उन्हात ठेवतो. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण तापमान उतरलं की जाड होतं, आणि ही जाडी सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्यानं वाढते. एखादं शून्य-वीस ऑइल १०० अंशांवर साधारण साडेआठ सेंटिस्टोक असेल, तर तेच ४० अंशांवर पंचेचाळीसच्या आसपास जातं. पाच-तीस ४० अंशांवर साठ-पासष्टच्या घरात. आणि वीस-पन्नास १०० अंशांवर अठरा, तर ४० अंशांवर दीडशेच्याही वर.

आता बघा, ४० अंश म्हणजे आपल्या मे महिन्यातली भर दुपार. त्या दुपारी तुमची गाडी महाराजबागेजवळ सावलीत उभी होती आणि तुम्ही ती सुरू केली, तरी इंजिनाच्या हिशेबानं ऑइल थंडच आहे. ज्या जाडीवर इंजिनानं चालायचं असं ठरलं आहे त्याच्या पाच-सहा पट ते जाड आहे. म्हणून इंजिनासाठी 'थंडी' १२ महिने आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि किल्ली फिरवल्यापासून ते वर कॅमशाफ्टपर्यंत पोचेपर्यंतचे ते काही क्षण धातूवर धातू घासण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. तिथे पातळ ऑइल आधी पोचतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. बाहेर ४५ अंश आहे की १२, याचा तापलेल्या इंजिनातल्या ऑइलवर लोकांना वाटतो तेवढा परिणाम होत नाही. इंजिनात थर्मोस्टॅट असतो. कूलंट ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान कुठेतरी आलं की तो उघडतो आणि रेडिएटर-पंखा मिळून ते तिथेच धरून ठेवतात. ऑइल त्याच्या आसपास किंवा थोडं वर, नव्वद ते एकशेदहा अंशांत खेळतं. जानेवारीत आणि मेमध्येही. नागपूरचा विक्रमी उन्हाळा, २३ मे २०१३ चे ४७.९ अंश, त्या दिवशीही ज्याचा रेडिएटर साफ आणि पंखा चालू होता त्याच्या इंजिनातलं ऑइल काही दीडशेवर गेलं नाही. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर आधी कूलंटची पातळी, रेडिएटरच्या जाळीतली धूळ, पंखा आणि थर्मोस्टॅट बघा. जाड ऑइलनं तापणारी गाडी थंड होत नाही. उलट जाड ऑइल स्वतःच्याच घर्षणानं जास्त तापतं.

"पण जाड ऑइलनं प्रेशर वाढते ना?" हेही विचारतात. वाढतं. पण प्रेशर म्हणजे पोचलेलं ऑइल नव्हे. पंपाला एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो, दाब ठरावीक मर्यादेवर गेला की तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल बेअरिंगकडे न जाता परत फिरतं. नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांत क्रँकच्या बेअरिंगमध्ये साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरची फट असते, आपल्या केसापेक्षाही बारीक. एवढ्या फटीतून किती जाड ऑइल पुरेसं वाहील हे फट ठरवणाऱ्यानंच ठरवलेलं असतं. मी गॅरेजमध्ये ते ठरवू शकत नाही.

मी शिकलो तेव्हा ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि मारुती ८०० यांना आम्ही डोळे झाकून वीस-चाळीस टाकायचो आणि त्या गाड्या मजेत चालायच्या. त्या इंजिनांच्या फटी, त्यांचे पंप, त्या काळचं ऑइल, सगळंच वेगळं होतं. आमच्या उस्तादांचं ज्ञान त्या गाड्यांसाठी खरं होतं. ते आजच्या इंजिनांवर तसंच लावलं की घोटाळा होतो.

पातळ ते नेहमीच चांगलं, असंही नाही

काटोलकडचे एक संत्र्याचे बागायतदार आहेत, त्यांची जुनी डिझेल जीप माझ्याकडे असते. एकदा त्यांनी गावातच ऑइल बदललं आणि दुकानातलं सगळ्यात महाग ते चांगलं या हिशेबानं शून्य-वीस टाकलं. नागपुरात आले आणि मेडिकल चौकाच्या सिग्नलवर गाडी उभी राहिली की लाल ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. गाडी पुढे निघाली की विझायचा. तापलेलं इंजिन, इंजिनाचे कमी फेरे (आरपीएम), त्यात दोन लाख किलोमीटर चाललेल्या बेअरिंगच्या मोकळ्या फटी. एवढं पातळ ऑइल तिथे दाब धरूच शकत नव्हतं. पुस्तकात पंधरा-चाळीस होतं. तेच टाकलं, दिवा विझला. हा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. घरापर्यंत नेऊ म्हणणाऱ्याचं इंजिन उघडावं लागतं.

इथे आणखी एक माप कळलेलं बरं. बेअरिंगच्या फटीत ऑइल प्रचंड वेगानं चिरडलं जातं आणि तिथे ते दीडशे अंशांपर्यंत तापू शकतं. त्या परिस्थितीतली जाडी वेगळी मोजतात, तिला एचटीएचएस म्हणतात. २० च्या ग्रेडला किमान २.६ लागतं, ३० ला २.९, आणि ५डब्ल्यू-४० सारख्याला ३.५. ओझं वाहणाऱ्या, टर्बोच्या किंवा सतत वेगात पळणाऱ्या इंजिनासाठी या आकड्याला अर्थ आहे. शून्य-वीस आलं ते मुख्यत्वे इंधन वाचवायला, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण ज्या इंजिनासाठी ते लिहिलं आहे ते त्या हिशेबानंच बांधलेलं असतं. दुसऱ्याच्या इंजिनात ते टाकणं हा वेगळाच प्रकार.

पुस्तकात जागा असेल तर मी कसं निवडतो

पुस्तकात दोन-तीन ग्रेड चालतात असं असेल तर मी गाडीवाल्याला आधी विचारतो, गाडी कुठे आणि कशी चालते.

धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स, तीन-चार किलोमीटर, दिवसातून दोनदा: यांचं इंजिन कधी नीट तापतच नाही. पेट्रोलचा अंश आणि ओलावा ऑइलमध्ये साचत राहतो. यांना पुस्तकातली पातळ ग्रेड द्यायची आणि बदलण्याची मुदत कमी करायची. बऱ्याच पुस्तकांत धूळ, छोट्या फेऱ्या आणि सतत थांबत-चालत जाणं अशा कडक वापरासाठी वेगळं वेळापत्रक असतं. आपल्या गावातली खोदकामं आणि उन्हाळ्यातली धूळ पाहता मी अर्ध्याअधिक गिऱ्हाइकांना तेच लावतो. एअर फिल्टर तर पुस्तकापेक्षाही आधी झटकून बघतो.

रोज बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीला जाऊन येणाऱ्यांची गाडी रोज नीट तापते. त्यांनी पुस्तकातली पहिली ग्रेड धरून ठेवावी, दुसरा विचारच करू नये.

समृद्धीचं वेगळं आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्याकडच्या छोट्या गाड्यांना पहिल्यांदाच तासन्‌तास एका वेगानं पळायला मिळालं. कारची मर्यादा १२० ची. पूर्वी अमरावती रोडवर दर दहा मिनिटांनी ब्रेक लागायचा, इंजिनाला दम खायला मिळायचा. आता मेच्या दुपारी पाच माणसं, एसी, वर सामान, आणि सलग तीन-चार तास वरचे फेरे. इथे ऑइल शहरापेक्षा खरोखर जास्त तापतं आणि थोडं जास्त खर्चीही पडतं. ज्याच्या पुस्तकात शून्य-वीससोबत पाच-तीस चालतं असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि ज्याचं असं जाणं वारंवार आहे, त्याला मी उन्हाळ्यातल्या सर्व्हिसला पाच-तीस देतो. पुस्तकात फक्त शून्य-वीस असेल तर शून्य-वीसच, चांगल्या दर्जाचं, निघायच्या आधी ताजं, आणि वेग शंभरच्या आत ठेवायची विनंती.

जुनं इंजिन ऑइल पीत असेल तर लोक थेट वीस-पन्नासवर उडी मारतात. आधी ऑइल जातं कुठे ते शोधा. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपतं का, ड्रेन नटाचा वायसर गेला का, खाली फरशीवर डाग पडतो का. सकाळी सुरू करताना एकदाच निळा धूर निघून थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. चढावर किंवा ओढताना सतत निळा धूर आला तर रिंगा. पॅकिंग आणि सील बदलण्याजोगी आहेत, त्यांचा इलाज ऑइलच्या डब्यात नाही. हे सगळं बघूनही थोडं ऑइल जातच असेल आणि पुस्तक परवानगी देत असेल तर एकच पायरी चढा: पाच-तीसवरून पाच-चाळीस. पहिला आकडा तोच ठेवा, दुसरा तेवढा वाढवा. सकाळची सुरुवात बिघडत नाही आणि तापल्यावर थोडा आधार मिळतो.

ग्रेड बरोबर, ऑइल चुकीचं

ग्रेड जुळली म्हणजे ऑइल जुळलं असं नाही. पेट्रोल गाडीला पुस्तकात एपीआय एसएन किंवा एसपी असं काही लिहिलेलं असतं; एपीआय ही दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था, पुढची अक्षरं दर्जाची. एसपी २०२० साली आलं. पुस्तकात लिहिलेला दर्जा किंवा त्याच्या नंतरचा चालतो, आधीचा नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी एसपीला विशेष महत्त्व आहे, कमी फेऱ्यांत जोर दिल्यावर होणारं अवेळी ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज, या दोन्हींची परीक्षा त्यात असते.

डिझेलवाल्यांनी इथे दुप्पट लक्ष द्यावं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल गाड्यांत धुराच्या काजळीची गाळणी असते, डीपीएफ. साध्या डिझेल ऑइलमधली राख तिच्यात कायमची साचते, ती जाळूनही निघत नाही. पुस्तकात एसीईए (युरोपातला दर्जा) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असेल तर तेच कमी राखेचं ऑइल लागतं. ती गाळणी बदलायचा खर्च ऐकून लोक खुर्चीत बसतात.

सिंथेटिक ही ग्रेड नाही, तो तेलाचा प्रकार आहे. पाच-तीस सिंथेटिकही तापल्यावर ३० च्याच ग्रेडचं असतं, फक्त ते उष्णतेत जास्त दिवस टिकतं. आणि कारचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नका. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या पातळ ऑइलमधल्या घसरण कमी करणाऱ्या रसायनांनी तो सुटायला लागतो. तिला जासो (जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलं वेगळं ऑइल लागतं.

डबा तुमच्या डोळ्यांसमोर फोडून घ्या. सील, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख बघा, बिल मागा. वॉरंटीतल्या गाडीला तर ते लागणारच. रिकामा डबा मी गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हरनं भोसकतो, म्हणजे कुणी तो उचलून त्यात काही भरून विकणार नाही. आणि जुनं काळं ऑइल नालीत टाकू देऊ नका. आपल्या नाल्या नाग नदीत जातात, तिची दशा रोज बघतोच आपण. मी ते ड्रममध्ये साठवून पुनर्वापराचा परवाना असणाऱ्याला देतो. तुमचा मेकॅनिक काय करतो ते विचारा.

टाकल्यावर

पुस्तकात ३.१ लिटर लिहिलं असेल आणि डबा साडेतीनचा असेल तर उरलेलं डब्यातच राहू द्या. जास्त भरलं की क्रँक त्यात आपटून फेस करतो आणि फेस म्हणजे हवा. गाडी सपाट जागी लावून, बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या-वरच्या खुणांत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो.

काडीवरचं ऑइल दोन बोटांत चोळून "पाणी झालं याचं" असं म्हणू नका. बोटांना १०० अंशांवरची जाडी कळत नाही, आणि गरम इंजिनातलं ऑइल पाण्यासारखं वाहायलाच हवं. काळं झालं म्हणजेही खराब झालं असं नाही. डिझेलमध्ये तर ते दोनशे किलोमीटरमध्येच काळं पडतं. रस्त्यात पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली आणि हवी ती ग्रेड मिळाली नाही, तर जवळची कुठलीही ग्रेड अर्धा लिटर टाका आणि घरी आल्यावर सगळं बदला. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते हजारपट बरं.

काकाजींचं पुस्तक आम्ही त्यांच्या व्हरांड्यात बसून उघडलं. शाळा मास्तर, चष्मा लावून बोट ठेवत ठेवत त्यांनीच तक्ता वाचला. पहिली पसंती शून्य-वीस, आणि खाली दुसरी पट्टी पाच-तीसची, चाळीस अंशांच्या पुढे बाण दाखवलेला. वीस-पन्नास कुठेच नव्हतं. पाच-तीस टाकलं, फिल्टर बदलला, रेडिएटरची जाळी धुतली, कूलंट भरलं. बोनटच्या आत तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहून चिठ्ठी चिकटवली. चौथ्या दिवशी शिर्डीहून सकाळी साडेसहाला फोन आला.

"काडी पाहिली बे. वरच्या खुणेपासून केसभर खाली आहे. परतीला निघू ना?"

"निघा काकाजी. उन्हाच्या आधी जालना पार करा."